मूळ चित्र कोणाच्या हातात आहे?

मोबाइलवर क्रिकेटचा सामना चालू असतो आणि नेटवर्क जरा मंदावते. लगेच मैदानावरचे गवत हिरव्या चौकोनांत मोडते, फलंदाजाच्या हेल्मेटच्या कडेने बारीक ठिपके वळवळू लागतात आणि संध्याकाळच्या आकाशात रंगांचे पट्टे उमटतात. कॅमेऱ्याने यातले काहीच टिपलेले नसते. व्हिडिओ दाबून लहान करताना हे सगळे मागाहून शिरलेले असते. एरवी ते दिसत नाही, ही खरे तर नवलाची गोष्ट आहे. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या एका फ्रेममध्ये २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. नेहमीच्या पद्धतीने साठवल्यास प्रत्येक बिंदूमागे सरासरी १२ बिट लागतात आणि सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर दर सेकंदाला सुमारे ७४ कोटी ६० लाख बिट होतात. तेच चित्र आपल्यापर्यंत सेकंदाला ५० लाख बिटांत आले तर दीडशे बिटांचे काम एका बिटाने केले असे म्हणावे लागेल. एवढी काटछाट निर्धोक होणे शक्यच नाही. काटछाटीचे व्रण बुजवण्याची जबाबदारी ज्या फिल्टरांवर असते, त्यांच्या जागी किंवा त्यांच्या सोबतीला आता न्यूरल नेटवर्क बसवण्याचे प्रयोग गेली काही वर्षे चालले आहेत. त्यांची चर्चा सहसा ‘एआय चित्र सुधारते’ एवढ्यावरच थांबते. माझ्या मते खरा प्रश्न निराळा आहे. सुधारलेले चित्र मुळाशी ताडून पाहणारा कोणी त्या साखळीत आहे की नाही, यावर या फिल्टरची किंमत ठरते. नेटवर्क किती मोठे आणि किती हुशार, हा नंतरचा हिशेब झाला.

व्रण पडतात कुठे, हे आधी पाहू. व्हिडिओ दाबून लहान करणारा एन्कोडर फ्रेमचे ठोकळे करतो. प्रत्येक ठोकळा आधीच्या फ्रेमवरून किंवा शेजारच्या ठोकळ्यांवरून कसा असेल याचा अंदाज बांधतो आणि अंदाज व वास्तव यांतला फरक तेवढा पाठवतो. हा फरक पाठवण्यापूर्वी त्याचे लहरींमध्ये रूपांतर केले जाते. त्यासाठीचे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म हे गणित बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. १९७२ मध्ये या कल्पनेवर काम करण्यासाठी त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला होता, तो नाकारण्यात आला. आज जगातल्या बहुतेक सगळ्या व्हिडिओंमध्ये तेच गणित किंवा त्याचे पूर्णांकी रूप वापरले जाते. या रूपांतरात मुळात काही हरवत नाही. हरवते ते पुढच्या पायरीवर, जिला क्वांटायझेशन म्हणतात. आलेल्या आकड्यांना ठरावीक पायरीने भागून जवळच्या पूर्णांकात बसवायचे, बारीकसारीक आकडे शून्य करून टाकायचे. पायरी जितकी मोठी तितके बिट कमी आणि चूक जास्त. प्रत्येक ठोकळ्याची ही गोळाबेरीज स्वतंत्रपणे होते, म्हणून दोन शेजारी ठोकळ्यांच्या सीमेवर पायरी पडते आणि डोळ्यांना चौकोन दिसतो. ठळक कडेभोवतीच्या लहरी अर्धवट कापल्या गेल्या की ते वळवळणारे ठिपके तयार होतात. या ठिपक्यांना या क्षेत्रातले लोक मॉस्किटो नॉइज म्हणतात, म्हणजे डासांची वळवळ.

या चुका पुसण्याचे प्रयत्नही जुनेच आहेत. १९९० च्या सुमाराच्या एच.२६१ या व्हिडिओ कॉलसाठीच्या मानकात एक साधा फिल्टर होता. डीव्हीडी आणि केबलच्या काळात सर्वत्र पसरलेल्या एमपेग-२ मध्ये मात्र असा फिल्टर नव्हता, आणि जुन्या डिजिटल प्रक्षेपणात चौकोन इतके उघडे दिसत त्याचे हे एक कारण. २००३ च्या एच.२६४ ने ठोकळ्यांच्या सीमा गुळगुळीत करणारा डीब्लॉकिंग फिल्टर मानकाचा भाग केला. २०१३ च्या एचईव्हीसीने त्यापुढे बिंदूंच्या किमतीत छोट्या भरी घालणारी एक पायरी जोडली. २०१८ च्या एव्ही१ मध्ये कडांची दिशा ओळखणारा फिल्टर आला. २०२० च्या व्हीव्हीसी, म्हणजे एच.२६६ मध्ये अडॅप्टिव्ह लूप फिल्टर आला. या नावातला ‘लूप’ महत्त्वाचा. फिल्टर चक्राच्या आत असतो, म्हणजे स्वच्छ झालेली फ्रेम नुसती पडद्यावर जात नाही, पुढच्या फ्रेमचा अंदाजही तिच्यावरून बांधला जातो. एका फ्रेममधली सुधारणा पुढच्या अनेक फ्रेमना पुरते आणि बिट वाचतात. त्याची किंमत अशी की पाठवणारा आणि पाहणारा या दोघांनाही अगदी तेच काम, तसेच्या तसे करावे लागते.

अडॅप्टिव्ह लूप फिल्टरपाशी जरा थांबले पाहिजे, कारण न्यूरल फिल्टरचे मर्म त्यातच आहे. तो चित्राचे चार गुणिले चार बिंदूंचे तुकडे पाहतो, प्रत्येक तुकड्याची दिशा आणि चंचलता मोजून त्यांना २५ वर्गांत वाटतो आणि प्रत्येक वर्गासाठी शेजारच्या बिंदूंचे वजनदार मिश्रण करतो. प्रकाशमानाच्या चित्रासाठी ही शेजाऱ्यांची मांडणी सात बिंदू रुंद अशा चौकटच्या आकाराची असते. मिश्रणातली वजने एन्कोडर काढतो आणि व्हिडिओबरोबर पाठवतो. ती काढताना एन्कोडरसमोर दोन्ही चित्रे असतात, बिघडलेले आणि मूळ. दोघांतले अंतर कमीत कमी करणारी वजने शोधणे हे नॉर्बर्ट वीनर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मांडलेले गणित. मूळ चित्र पाहूनच ठरवलेला फिल्टर असल्यामुळे तो सहसा चुकीचा डौल मिरवत नाही. त्याची मर्यादा एवढीच की तो जवळजवळ सरळ रेषेतला हिशेब आहे. गवताची पात, केसांची बट आणि वाळूचा कण यांना २५ कप्प्यांत बसवणे म्हणजे ढोबळ काम.

न्यूरल नेटवर्क हा ढोबळपणा घालवते. २०१५ मध्ये हाँगकाँगमधील संशोधकांनी जेपेग चित्रांतले व्रण पुसण्यासाठी अवघ्या चार थरांचे एक नेटवर्क मांडले. पुढच्याच वर्षी चीनमधील संशोधकांनी एचईव्हीसीतले दोन्ही फिल्टर काढून त्यांच्या जागी चार थरांचे नेटवर्क बसवले. एकेका फ्रेमचे स्वतंत्रपणे कॉम्प्रेशन करताना त्याने तेवढ्याच गुणवत्तेसाठी सरासरी ४.६ टक्के बिट वाचवले. अशी नेटवर्क संपूर्ण चित्र नव्याने बनवत नाहीत. बिघडलेल्या चित्रात किती दुरुस्ती मिळवायची, तेवढीच ती सांगतात. त्यामुळे सांगण्यासारखे काही नसेल तर उत्तर शून्याच्या जवळ राहते. नंतरच्या रचनांनी त्यांना आणखी माहिती पुरवली. ठोकळ्याचा अंदाज काय होता, ठोकळ्यांच्या सीमा कुठे होत्या, क्वांटायझेशनची पायरी केवढी होती, हे सगळे चित्र उलगडणाऱ्या डिकोडरजवळ आयतेच असते. छायाचित्र सुधारणाऱ्या एखाद्या ॲपला हे काही ठाऊक नसते. त्याला नुसते बिघडलेले चित्र मिळते. कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीच्या, आतल्या नेटवर्कला बिघाड कसा झाला याचा पंचनामाही मिळतो. व्हीव्हीसीचे मानक करणाऱ्या जेव्हीईटी या संयुक्त तज्ज्ञगटाने न्यूरल कोडिंगचा जो स्वतंत्र अभ्यास चालवला आहे, त्यात मुख्यतः दोन आकारांचे फिल्टर तपासले गेले. लहान फिल्टर व्हीव्हीसीच्या तुलनेत सुमारे ५ टक्के बिट वाचवतो, मोठा १० टक्क्यांच्या आसपास. व्हीव्हीसी आधीच खूप पिळून काढलेले आहे हे लक्षात घेता, एका फिल्टरमधून एवढी बचत निघणे ही मोठी गोष्ट आहे.

आता मुद्द्याकडे. ही बचत विश्वासार्ह का मानायची? मुद्रितशोधकाचे काम आठवा. हस्तलिखित शेजारी ठेवून मुद्रिते तपासणारा शोधक आणि हस्तलिखित न पाहता ‘लेखकाला बहुधा असे म्हणायचे असावे’ म्हणून दुरुस्त्या करणारा शोधक, दोघेही भाषेत सारखेच निष्णात असू शकतात, पण छापखाना भरवसा पहिल्यावरच ठेवतो. चक्रातल्या न्यूरल फिल्टरचा निकाल एन्कोडर मूळ चित्राशी ताडून पाहतो. व्हीव्हीसीत चित्र जास्तीत जास्त १२८ गुणिले १२८ बिंदूंच्या मोठ्या ठोकळ्यांत विभागलेले असते. अशा प्रत्येक ठोकळ्यासाठी फिल्टर चालू ठेवायचा की बंद, दुरुस्ती पूर्ण लावायची की पातळ करून, हे एन्कोडर मोजून ठरवतो आणि ठरवलेले एखाद-दुसऱ्या बिटात कळवतो. नेटवर्कने एखाद्या ठोकळ्यात घोळ घातला तर तो ठोकळा जसाच्या तसा सोडला जातो. दुकानात टीव्ही विकताना ज्या ‘एआय पिक्चर’ बटणाचे कौतुक होते, त्याची गत दुसऱ्या शोधकासारखी असते. टीव्हीतल्या चिपने मूळ चित्र कधी पाहिलेले नसते आणि तिने रंगवलेली पात खरी होती की नव्हती हे तपासणारे घरात कोणीच नसते. नेटवर्क दोन्हीकडे एकच असू शकते. जबाबदारी मात्र एकाच ठिकाणी आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो बनावट तपशिलाचा. न्यूरल नेटवर्क नसलेले तपशील घडवते, मग ते चित्राच्या साखळीत हवेच कशाला? आक्षेप वजनदार आहे, पण त्याचा रोख चुकलेला आहे. कॉम्प्रेशनने मजकूर बदलल्याचे सर्वात गाजलेले उदाहरण न्यूरल नेटवर्कचे नाहीच. २०१३ मध्ये जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅन केलेल्या कागदावरचे आकडेच बदलत होती, ६ च्या जागी ८ छापत होती. कारण होते जेबिग२ हे जुन्या धाटणीचे तंत्र. ते सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांना एकच समजून एकीच्या जागी दुसरी बसवत असे. बदललेला आकडा मुळाशी जुळतो का, हे पाहण्याची कसोटी सैल होती. म्हणजे दोष हुशारीचा नव्हता, ताळा न करण्याचा होता. शिवाय चक्रातले फिल्टर शिकवले जातात ते चुकीचा वर्ग, म्हणजे चूक गुणिले चूक, कमी करण्याच्या ध्येयाने. अशा शिकवणीतून आलेले नेटवर्क शंका आली की सरासरीकडे झुकते, म्हणजे पुसट करते. हुबेहूब भासणारा पण खोटा पोत रंगवण्याची खोड चित्रनिर्मितीसाठी शिकवलेल्या नेटवर्कना असते, कारण त्यांच्याकडून अपेक्षाच ती असते.

तरी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ठोकळ्याची एकूण चूक कमी झाली म्हणजे त्यातला प्रत्येक बिंदू सुधारला असे होत नाही. १६ हजारांहून अधिक बिंदूंच्या ठोकळ्यात आकाश सुधारले आणि कोपऱ्यातली गाडीची नंबरप्लेट थोडी बिघडली, तर बेरीज-वजाबाकीत एन्कोडर फिल्टर चालूच ठेवील. मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने याचे एक रूप लक्षात ठेवण्यासारखे आहे. बातम्यांच्या वाहिनीवर तळाशी सरकणाऱ्या पट्टीतला अनुस्वार, कमी रिझोल्यूशनच्या चित्रात, दोन-तीन बिंदूंचा असतो. अक्षराच्या कडेला उठलेला मॉस्किटो नॉइजचा ठिपकाही साधारण तेवढाच असतो. जेव्हीईटीच्या अभ्यासात शिकवणीसाठी वापरलेले डीआयव्ही२के आणि बीव्हीआय-डीव्हीसी हे चित्रसंच मुख्यतः कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यांचे आहेत. निसर्ग, इमारती, माणसे पाहून शिकलेल्या नेटवर्कला शिरोरेघेवरचा ठिपका अर्थपूर्ण आहे हे आपोआप कळण्याचे कारण नाही. देवनागरी मजकूर शिकवणीत घातला तर हे बऱ्याच अंशी सुधारेल, असा माझा अंदाज आहे. नाही घातला तर एन्कोडरचा चालू-बंदचा खटका हाच एक आधार उरतो, आणि तो ठोकळ्याएवढा ढोबळ आहे.

दुसरा आक्षेप मोजपट्टीवरच आहे. बचतीचे हे टक्के ज्या पद्धतीने काढतात ती नॉर्वेचे गिस्ले ब्योंटेगार्ड यांनी २००१ मध्ये सुचवली. समान गुणवत्तेसाठी दोन पद्धतींना किती बिट लागतात, हे ती सांगते. पण ‘गुणवत्ता’ म्हणजे बहुतेक वेळा बिंदूगणिक चुकीचा हिशेब, आणि माणसाचा डोळा तसा हिशेब करत नाही. वर म्हटलेला पुसटपणा या पट्टीवर चांगले गुण मिळवतो, तर जुन्या चित्रपटाचा कणीदार पोत नाहक मार खातो. हे खरेच आहे, आणि म्हणून ५ टक्के म्हणजे डोळ्यांनाही ५ टक्के असे कोणी समजू नये. कणांच्या बाबतीत एव्ही१ ने चतुर वाट काढली आहे. कण आधी काढून टाकायचे, त्यांचे वर्णन तेवढे पाठवायचे आणि पाहणाऱ्याकडे तसेच कण नव्याने उधळायचे. कण खोटेच असतात, पण ते खोटे आहेत हे मानकातच लिहिलेले असते, त्यामुळे फसवणूक होत नाही.

माझ्या मते खरा अडथळा कामाच्या ओझ्याचा आहे. मोठ्या फिल्टरला एका बिंदूमागे सुमारे ४ लाख ७७ हजार गुणाकार-बेरजा लागतात, लहान फिल्टरला १७ हजारांच्या घरात. व्हीव्हीसीच्या अडॅप्टिव्ह लूप फिल्टरला डझनभर गुणाकार पुरतात हे शेजारी ठेवून पाहावे. फुल एचडी चित्र सेकंदाला ३० फ्रेमने दाखवायचे तर दर सेकंदाला ६ कोटी २२ लाख बिंदू होतात. म्हणजे मोठ्या फिल्टरसाठी सुमारे ३० लाख कोटी गुणाकार-बेरजा. गुणाकार आणि बेरीज वेगळे मोजले तर दुप्पट, म्हणजे चिपच्या जाहिरातीतल्या भाषेत ६० टॉप्स. मायक्रोसॉफ्टने ‘कोपायलट प्लस’ संगणकांसाठी २०२४ मध्ये ठेवलेली किमान अट ४० टॉप्सची आहे. म्हणजे ही अट जेमतेम पुरी करणाऱ्या लॅपटॉपचे न्यूरल यंत्र पूर्ण ताकदीने चालवूनही हा एक फिल्टर चालणार नाही, फोनची तर गोष्टच नको. लहान फिल्टरला मात्र साधारण २ टॉप्स पुरतात. बचत दुप्पट करण्यासाठी काम २८ पट वाढवणे हा सौदा प्रयोगशाळेबाहेर कोणी करणार नाही. आणि हा हिशेब एका ठिकाणचा नाही. एन्कोडर एकदाच राबतो, पण एक लोकप्रिय व्हिडिओ लाखो फोनांत उलगडला जातो. कंपनीचे बिट वाचतात आणि बॅटरी प्रेक्षकाची खर्च होते. ही वाटणी न्याय्य ठेवायची तर लहान, आखूड, संयमी नेटवर्कच हवे. संशोधनाच्या निबंधांत मोठ्या आकड्यांचे जे आकर्षण दिसते, त्याचा इथे उपयोग नाही.

एक अडचण तांत्रिक वाटते, पण ती चक्राच्या मुळावरच येणारी आहे. न्यूरल नेटवर्क सहसा दशांशी आकड्यांत चालते आणि वेगवेगळ्या चिप शेवटच्या अंकांची गोळाबेरीज वेगवेगळी करतात. चक्रात फिल्टर असल्याने आजचा सूक्ष्म फरक उद्याच्या अंदाजात शिरतो, तिथून पुढच्यात, आणि पाठवणाऱ्याचे व पाहणाऱ्याचे चित्र हळूहळू एकमेकांपासून सरकू लागते. हा धडा एमपेग-२ ने शिकवला होता. त्यातल्या कोसाइन रूपांतराला थोडी सूट दिलेली होती आणि ती सूट साचत जाऊ नये म्हणून अधूनमधून ठोकळे नव्याने पाठवावे लागत. एच.२६४ ने पूर्णांकी रूपांतर आणून तो प्रश्न मिटवला. न्यूरल फिल्टरांनीही तीच वाट धरली आहे. जेव्हीईटीच्या प्रयोगांत नेटवर्क १६ बिटांच्या पूर्णांकांत चालवले जाते, जेणेकरून प्रत्येक यंत्रावर प्रत्येक बिट तोच निघावा. त्यात थोडी गुणवत्ता जाते, आणि ती जाऊ द्यावी.

मग फिल्टरच कशाला, अख्खा कोडेकच न्यूरल का करू नये? २०१९ पासून तसे कोडेक मांडले जात आहेत आणि मायक्रोसॉफ्टच्या आशियातील संशोधनशाळेच्या मालिकेने गुणवत्तेत जुन्या पद्धतींना गाठलेही आहे. पण त्यात सगळी भिस्त एकाच नेटवर्कवर असते आणि ते बिनसले तर मागे वळायला जागा नसते. फिल्टर बंद केला तर खाली धडधाकट व्हीव्हीसी उभेच असते. शिवाय चिपचे वेळापत्रक आपल्या उत्साहावर चालत नाही. एव्ही१ २०१८ मध्ये तयार झाले, आयफोनमध्ये त्याचा हार्डवेअर डिकोडर २०२३ च्या १५ प्रो मॉडेलांत आला. चक्रातला न्यूरल फिल्टर पुढच्या एखाद्या मानकात शिरला तरी तो हातातल्या फोनपर्यंत येण्यास असाच काळ जाईल, आणि मानक ठरताना गोठवलेली वजनेच तोवर वापरावी लागतील.

म्हणून आधी येणार आहेत ते चक्राबाहेरचे फिल्टर. नेटफ्लिक्सने २०२२ मध्ये जाहीर केले की एन्कोडिंगपूर्वी चित्र लहान करण्याचे काम ते न्यूरल नेटवर्ककडून करून घेतात. यात पाहणाऱ्याच्या यंत्रात काहीच बदलावे लागत नाही. दुसरी वाट उलगडल्यानंतरच्या फिल्टरची आहे, आणि वर म्हटलेला बिनहस्तलिखिताचा धोका खरे तर तिथेच. त्यावर मानकांनी काढलेला तोडगा मला फार समजूतदार वाटतो. २०२३ मध्ये एच.२७४ या मानकात अशी सोय आली की कोणता न्यूरल फिल्टर, कोणत्या फ्रेमवर लावावा हे पाठवणाराच व्हिडिओबरोबरच्या संदेशात सांगू शकतो. हवे तर नेटवर्कची वजनेही दाबून सोबत पाठवू शकतो. पाठवणाऱ्याकडे मूळ चित्र असतेच. तो त्याच व्हिडिओवर नेटवर्कला थोडे अधिक शिकवू शकतो, निकाल ताडू शकतो आणि जिथे बिघडते तिथे संदेशच पाठवत नाही. अडचण एवढीच की हे संदेश पाळणे यंत्रावर बंधनकारक नाही. ज्याच्या फोनला ताकद नाही किंवा इच्छा नाही, तो फिल्टर न लावताच चित्र दाखवेल आणि तेही नियमात बसेल. लाखोंनी पाहायच्या मालिकेसाठी वजने शिकवून पाठवण्याचा खर्च भरून निघेल. दोघांतल्या थेट व्हिडिओ कॉलमध्ये मात्र शिकवायला वेळ नसतो आणि बॅटरीही दोन्ही बाजूंनी जळते, तिथे सध्या तरी व्हीव्हीसीचे साधे फिल्टरच पुरेसे आहेत.